खुणेच्या आतलं पाणी

उल्हासनगरच्या मासळी बाजारात गोड्या पाण्याचा मासा चांगला खपतो. तिथलं सिंधी गिऱ्हाईक पापलेट-सुरमईपेक्षा नदी-तलावातला मासा आवडीने घेतं, त्यामुळे बदलापूरला राहूनही आम्ही कधी कधी तिकडे जातो. त्या दिवशी बर्फावर रोहू आणि कटल्याच्या रांगेत एक वेगळा मासा पडला होता. अंग सोनेरी, ओठ जाड, आणि खवले माझ्या अंगठ्याच्या नखाच्या दुप्पट. वजन साधारण तीन किलो असावं. काट्यावर टाकला नाही, म्हणून साधारण म्हणतो.

"ये कहां का है?" मी विचारलं.

"डॅम का है साईं, आपका बदलापूर का डॅम. सुबह का माल." मासेवाला सगळ्यांनाच साईं म्हणतो.

बायकोने माझं कोपर धरून मला बाजूला घेतलं. "हा खडस आहे ना? भावोजींचं काम नसेल ना हे?"

भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, माझा साडू. "काहीतरी बोलू नकोस," असं मी म्हणालो, पण तिच्या आधी तोच विचार माझ्या मनात येऊन गेला होता.

यात काय अडकलं होतं ते सांगायला हवं. साडू राहतो अंबरनाथला आणि कारखान्यात पाळीने काम करतो. त्याचं मूळ गाव बदलापूरच्या पलीकडे होतं. धरणाची उंची वाढवली तेव्हा ते पाण्याखाली गेलं. गावदेवीच्या देवळाखाली नदीचा एक खोल डोह होता. त्या डोहातले खडस देवीचे, त्यांना कुणी हात लावायचा नाही, उलट चैत्रातल्या जत्रेला त्यांना गूळभात घालायचा, अशी रीत होती. पहिला घास घालायचा मान साडूच्या घराचा. गाव उठलं तशी देवीची मूर्ती नव्या गावठाणात गेली. डोह काही नेता येत नाही. मग गावकीने पाण्यावर खूण टाकली: एक निळं प्लास्टिकचं पिंप, त्यावर भगवं निशाण, खाली दोर आणि दोराला दगड भरलेलं पोतं. खुणेच्या आत देवीचं, खुणेच्या बाहेर मच्छीमार संस्थेचं, असा सरळ हिशोब ठरला. खूण राखायची जबाबदारीही मानकऱ्याचीच. जत्रेच्या आधी गावकी बसते तेव्हा तो ओंजळीत पाणी घेऊन सांगतो, की खूण जागेवर आहे आणि माझ्या घरातून कुणी खुणेच्या आत गळ टाकलेला नाही. हे त्याला सांगता आलं नाही तर मान त्याच्या चुलतभावाकडे जायचा होता. साडूचं घर गेलं, शेत गेलं, पोरं अंबरनाथची झाली. गावात त्याचं म्हणून उरलं होतं ते एवढंच.

आणि खडस खुणेच्या बाहेर मिळत नाही, हे गावात सगळे धरून चालतात. संस्था दर पावसाळ्यात बीज सोडते ते रोहू, कटला, मृगळ यांचं. ते उबदार पाण्यातले मासे, किनाऱ्याच्या उथळात चरतात. चिलापी तर न सोडताच वाढते. खडस हा डोंगरातल्या ओढ्यांचा मासा, त्याला थंड पाणी लागतं. म्हणजे बाजारात खडस आला तर कुणीतरी आत गेलं. संस्थेत बहुतेक गावातलेच लोक, आणि त्यांची जाळी खुणेच्या बाहेरच लागतात. पास काढून गळ टाकणारे, चाकाची काठी म्हणजे रीळ लावलेली काठी घेऊन येणारे, मी आणि साडू असे दोघेच.

घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, "ताईला विचारू?"

"काय विचारणार? तुझा नवरा देवीचे मासे विकतो का?"

"तसं नाही. पण तुम्ही जाता ना त्यांच्याबरोबर? तुम्हाला कळायला नको?"

हा टोला बरोबर बसला. मी त्याच्याबरोबर जात होतो आणि मला काही गोष्टी दिसल्या होत्या. हिवाळ्यात एकदा, खुणेपासून चांगलं लांब, त्याच्या गळाला खडस लागला होता. छोटाच होता. साडूने तो हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. माशाच्या तोंडातून त्याने गळ इतक्या घाईने काढला की त्याचंच बोट फाटलं. मासा पाण्यात सोडून तो म्हणाला, "साडूभाऊ, हे कुणाला बोलायचं नाही." मी का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "उगाच तोंडाला तोंड लागतं." त्यानंतर रविवारी आम्ही जायचो तेव्हा तो पिंपाकडे पाठ करून बसायचा. आधी येता-जाता हात जोडायचा. आता नाही. शिवाय रात्रपाळी सुटली की आठवड्यातही तो एकटा धरणावर जातो, हे माझ्या मेहुणीनेच सहज बोलताना सांगितलं होतं. एकेक गोष्ट फार मोठी नाही. पण सगळ्या एका रांगेत मांडल्या की बेरीज चांगली येत नव्हती.

मी स्वतः कारखान्यात पाणी तपासणीच्या विभागात आहे. बॉयलरचं पाणी, थंड करायचं पाणी, नाल्यात सोडायचं पाणी, दिवसभर तापमान आणि आकडे. ती सवय मासेमारीतही आली आहे. कुठल्या खोलीवर पाणी किती गरम हे कळलं तर कुठला मासा कुठे असेल याचा अंदाज येतो. त्यासाठी मी एक साधी सोय केली आहे. जाड काचेची बाटली, खाली शिशाचं वजन, तोंडाला बूच आणि बुचाला वेगळी दोरी. बाटली हव्या त्या खोलीवर सोडायची, दोरीला हिसका देऊन बूच काढायचं, भरली की भराभर ओढून आत तापमापक घालायचा. वर येताना पाणी थोडं तापतं, म्हणून अर्ध्या अंशाचा फरक धरायचा. तेवढा मी धरतो.

जत्रा जवळ आली होती. त्या रविवारी मी काठी नेली नाही, फक्त बाटली घेतली. साडू होडीशी उभा होता. होडी संस्थेची, पण मानकऱ्याला ती मिळते.

"काठी कुठंय?" त्याने विचारलं.

"आज मासे नको. पाणी मोजू."

"पाणी काय मोजायचंय, कारखान्यात पोट भरत नाही वाटतं?"

"देवीच्या डोहाचं मोजू म्हणतो. तुझ्या वडिलांनी सांगितलेलं आठवतं ना? उन्हाळ्यात डोहात उतरलं की दात वाजायचे."

तो हसला, पण वल्ह्याला हात घालायला त्याने जरा वेळ घेतला. "गळ नाही ना टाकणार?"

"बाटलीला गळ नाही."

मग आम्ही पिंपापर्यंत गेलो. निशाणाचं कापड उन्हाने पांढरट पडलं होतं. वरच्या पाण्याचं तापमान एकतीस. मी बाटली सोडत गेलो. दोरीला मी वावावर गाठी मारल्या आहेत, वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. सहाव्या गाठीशी शिसं गाळात टेकलं. पाणी वर काढलं, तापमान तीस. मी बाटली रिकामी करून पुन्हा सोडली. पुन्हा तीस.

सहा वाव म्हणजे डोह नव्हे. तीस अंशांत खडस राहत नाही, कटला राहतो. मी हे सगळं मोठ्याने बोललो नाही. साडूकडे न बघता म्हणालो, "थोडं पुढे घे. समोरच्या टेकडीच्या अंगाला."

"तिकडे कशाला? तिकडे जुनी झाडं आहेत पाण्यात, दोरी अडकेल."

"अडकली तर तोडू."

तिकडे झाडं नव्हती. दोरी सरळ खाली गेली, सातवी, आठवी, दहावी गाठ पाण्यात गेली, आणि अकराव्या गाठीच्या थोडं खाली शिसं कठीण दगडावर टकटकलं. वर काढलेली बाटली हाताला गार लागली. तापमान पंचवीस. मी तापमापक साडूच्या हातात दिला. त्याने आकडा वाचला नाही. बाटलीलाच हात लावला आणि काढून घेतला.

हीच ती जागा होती जिथे हिवाळ्यात त्याला खडस लागला होता. संस्थेची जाळीही तिथेच लागतात, ती खुणेच्या बाहेर आहे म्हणून.

"मागे घे," मी म्हणालो. "पिंपाशी."

पिंपाला हात घालून मी दोर थोडा वर ओढला. हिरवा, नवा नायलॉन. त्याच्या वडिलांनी गावकीबरोबर टाकलेली खूण काथ्याच्या जाड दोरावर होती, हे त्यानेच मला पूर्वी सांगितलेलं. दोराच्या गाठीवर अजून शेवाळसुद्धा नीट धरलं नव्हतं.

"हा दोर कोणी बांधला?"

साडूने दोर माझ्या हातातून सोडवून पुन्हा पाण्यात टाकला.

"हे बघ, मी गावकीत नाही. पण बाजारात खडस विकायला आलाय. तुझ्या बायकोच्या बहिणीने तो ओळखला. उद्या दुसरं कुणी ओळखेल. खूण हलवली तर डोह मोकळा होतो, आणि मोकळ्या डोहात मासे मारले तर ओंजळीत पाणी घेऊन 'खुणेच्या आत गळ टाकला नाही' म्हणताना खोटं बोलावं लागत नाही. मला हे असं दिसतंय. तसं नसेल तर सांग."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं आता होडीतून ढकलतोय.

"मी मासे विकतो?" तो म्हणाला. "मी? अरे, मी तो पिल्लू मासा सोडला तेव्हा माझं बोट फाटलं, ते तुला दिसलं नाही?"

"दिसलं. म्हणूनच विचारतोय."

मग त्याने सांगितलं. पावसाळ्यात वारा-पाणी झालं, त्यात जुना दोर कुजून तुटला. पिंप काठाला येऊन लागलं. खूण पुन्हा टाकायची तर रीत अशी, की पाच घरांचे पाच जण, उपाशीपोटी, नारळ फोडून. त्याने कुणाला सांगितलं नाही. आपल्या राखणीत खूण वाहून गेली हे चुलतभावाला कळलं तर जत्रेपर्यंत गावभर करील, अशी भीती. उल्हासनगर कॅम्पातून दोर आणला आणि रात्रपाळीवरून सुटल्यावर सकाळी एकटाच होडी काढली.

"मग?"

"मग काय. टेकडीच्या अंगाला गेलो, बरोबर जागेवर गेलो. पोतं सोडलं. दोर संपला तरी पोतं टेकेना. पोतं पिंपालाच खाली ओढायला लागलं, मला होडीत धरवेना. वारा सुटलेला. होडी जात गेली इकडे. पोतं जिथे टेकलं तिथे टेकलं."

"म्हणजे दोर पुरला नाही."

"दोर पुरला नाही."

"आणि पुन्हा आणला नाहीस."

"आणणार होतो रे. मग बघितलं, कुणालाच कळलं नाही. गणपती गेले, दिवाळी गेली. लोक लांबून हात जोडतात, निशाण दिसतंय ना, बास. म्हटलं देवीला तर माहितीय डोह कुठंय. मग तो मासा लागला. तेव्हापासून एकटा येतो ते जाळी बघायला. कोण टाकतंय, किती टाकतंय. पण सांगू कुणाला? माझीच खूण खोटी."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला का? दोराची लांबी त्याच्या गोष्टीशी जुळत होती. पण दोराची लांबी माझ्या संशयाशीही तेवढीच जुळत होती. कोणी मुद्दाम उथळात खूण टाकली असती तरी दोर आखूडच लागला असता. मोजून या दोहोंतलं खरं कुठलं ते काढता येत नव्हतं. मला ते अजूनही काढता आलेलं नाही.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"आज लांब दोर आणू, तू जागा मोजून दे, आपण दोघं टाकू. मग मी ओंजळ घेईन. खूण जागेवर आहे, आणि माझ्या घरातून खुणेच्या आत कुणी गळ टाकला नाही. यात खोटं काय?"

"हिवाळ्यातला मासा?"

"तेव्हा ती जागा बाहेर होती."

"मी जागा मोजून देणार नाही," मी म्हणालो. "गावकीसमोर सांगून टाकणार असशील तर देईन."

"वा रे साडूभाऊ! मान माझा जाणार आणि हिशोब तुझा स्वच्छ राहणार."

"हो. तसंच."

परत येताना त्याने मला वल्ह्याला हात लावू दिला नाही. काठावर आल्यावर बाटली माझ्या हातात देत म्हणाला, "ही तुझी. जपून ने, फुटेल." त्यानंतर गावकीपर्यंत त्याचा फोन आला नाही. मेहुणीने माझ्या बायकोला फोन करून विचारलं, तुझ्या ह्यांनी आमच्या ह्यांना काय सांगितलंय, माणूस जेवत नाही. बायकोने फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी कळायला हवं म्हणाले होते. कोर्ट भरवा नव्हते म्हणाले."

गावकी नव्या गावठाणातल्या देवळासमोर बसली. मी बाहेरचा, पण साडूने सकाळी निरोप पाठवला, बाटली घेऊन ये. म्हणून गेलो. वीसेक पुरुष सतरंजीवर, बायका ओसरीच्या कडेला. तांब्या पुढे आला. साडूने ओंजळीत पाणी घेतलं आणि तसाच बसून राहिला. पाणी बोटांतून गळून संपलं. मग त्याने सगळं सांगितलं. दोर, वारा, उथळ, हिवाळ्यातला मासा. माझं नाव घेऊन म्हणाला, मोजलंय ह्यांनी.

मला वाटलं चुलतभाऊ लगेच उठेल. तो उठला नाही. खाली बघत सतरंजीचा दोरा काढत होता. गावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने विचारलं, "जाली कोनाची असतात तिथं?"

पुढचे दोघे-तिघे तंबाखू मळायला लागले.

"मी विचारतोय, जाली कोनाची?"

मग एकाने सांगितलं, आमची पण होती. दुसरा म्हणाला, एकदाच लागला खडस, आम्ही काय मुद्दाम नाय धरला. तिसरा म्हणाला, आम्हाला वाटलं देवीच भायेर आली. हळूहळू कळलं की पावसाळ्यापासून जवळजवळ प्रत्येक जाळ्याला खडस लागला होता. प्रत्येकाला वाटलं होतं आपल्यालाच लागला आणि दुसऱ्याला कळू नये, म्हणून प्रत्येकाने तो गावात न आणता परस्पर उल्हासनगरला पाठवला होता. शेवटी म्हाताऱ्याने चुलतभावाकडे मान वळवली.

"तुझा रं?"

"दोन," चुलतभाऊ म्हणाला.

ओसरीवरून एक बाई म्हणाली, "आनि आमास्नी सांगत व्हता, बाजार पडलाय म्हनून!" तिथे थोडा हशा झाला, आणि बायकांचं हसणं थांबेपर्यंत पुरुष खाली बघत बसले.

आता मान काढायचा तर कुणाकडे द्यायचा, हा प्रश्न राहिला. चुलतभावाला तो मागता येत नव्हता. पण गप्प बसणारा माणूस तो नव्हे. त्याने माझ्याकडे बोट केलं.

"आमचं जालं आंधलं. लागलं तर लागलं. हा मानूस बाटली टाकून पानी मोजतो. थंड पानी कुठं, खडस कुठं, ह्याला नेमका ठाव हाय. काठी ह्याची चाकाची. डोह आज जिथं हाय तिथं खून टाकली, तरी ह्याला खुनेची गरज काय? ह्याच्यावर राखन कोन करनार?"

मला राग आला. तो बोलला त्यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. मी साडूवर ज्या पद्धतीने बेरीज केली होती तीच त्याने माझ्यावर केली होती. मी साडूकडे पाहिलं. तो माझ्या बाजूने काही बोलेल असं वाटलं. तो म्हणाला, "ते खरंय."

म्हाताऱ्याने फार वेळ घेतला नाही. मान साडूच्याच घरात राहील. खूण पाच घरांचे पाच जण, रीतीप्रमाणे, पुन्हा टाकतील. जागा मी दाखवायची. आणि त्यानंतर मी या धरणावर गळ टाकायचा नाही, पास असला तरी. साडूनेही माझ्याबरोबर होडी काढायची नाही. "कबूल?" त्याने मला विचारलं.

मी गावचा नाही, मला बांधणारं तिथे काही नव्हतं. पण साडूचा हात पुन्हा तांब्याकडे गेलेला होता आणि तो माझ्या उत्तरासाठी अडला होता. मी कबूल म्हणालो. साडूने ओंजळ भरली.

जत्रेच्या दिवशी सकाळी आम्ही होडीत बसलो: साडू, चुलतभाऊ, आणखी तीन घरांचे तिघे, आणि मी. दोर भरपूर होता. मी टेकडीच्या अंगाला बाटली सोडली, अकराव्या गाठीखाली दगड लागला, पाणी थंड आलं. "इथे," मी म्हणालो. नारळ फुटला, पोतं खाली गेलं, या वेळी दोर उरला. साडूने गूळभाताचा पहिला घास पाण्यात सोडला. भात पांढरा दिसत दिसत खाली गेला. वर काहीच आलं नाही, बुडबुडाही नाही.

"हायत का?" एकाने हळूच विचारलं.

"खाली असतील," साडू म्हणाला. त्याचे हात जोडलेले होते, पण डोळे मिटलेले नव्हते. ते टेकडीच्या सुळक्यावर होते. तिथून नव्या देवळाच्या कळसावर आले, आणि पुन्हा सुळक्यावर गेले. चुलतभाऊ काठावरचा विजेचा खांब आणि मागची खिंड एका रेषेत बघत होता. बाकीचे तिघेही कुणी इकडे, कुणी तिकडे, मान न हलवता बघत होते. पिंप उद्या पुन्हा कुठे वाहून गेलं तरी डोह नेमका कुठे आहे, ते होडीतल्या प्रत्येकाने आपापलं पाठ करून घेतलं. मी मान खाली घालून दोरी गुंडाळत होतो. पण सुळका आणि कळस मी आधीच बघून ठेवले होते.